पंधरा ग्रॅमचा फरक

बॅटरी न घालता तोलला तर कॅननचा ‘फाइव्ह डी’ भरतो ८१० ग्रॅम आणि निकॉनचा ‘डी ३००’ भरतो ८२५. फरक पंधरा ग्रॅमचा. वसईच्या बाजारातलं एखादं सुकेळं हलक्या पारड्यात टाकलं की काटा जवळजवळ मध्यावर. वयातही फार अंतर नाही. पहिला जाहीर झाला २००५च्या ऑगस्टमध्ये, दुसरा २००७च्या ऑगस्टमध्ये. पहिला १२.८ मेगापिक्सेलचा, दुसरा १२.३चा. व्हिडिओ दोघांनाही काढता येत नाही. दोघांनाही सीएफ नावाचं जाडजूड कार्ड लागतं. हे कार्ड आज मोबाइलच्या दुकानात मागितलं तर काउंटरवरचा मुलगा आधी आपल्याकडे बघतो आणि मग आत तोंड करून मालकाला हाक मारतो. कागदावर मांडलं तर हे दोघं एकमेकांच्या जागी सहज खपून जावेत. आमच्या घरात ते कित्येक वर्षं एकाच कपाटात शेजारी शेजारी राहतात, आणि एकाचं काम दुसऱ्याला सांगायची मला कधी छाती झाली नाही.

दोन्ही घेतले ते जुने. नवा कॅमेरा घेणाऱ्याला जाहिरात वाचावी लागते, जुना घेणाऱ्याला माणूस वाचावा लागतो. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात दोन-चार दुकानं फिरलं की एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे विकायला आलेला प्रत्येक कॅमेरा हा एखाद्या डॉक्टरांचा असतो. ‘डॉक्टरांनी हौसेनं घेतला हो, वेळच मिळाला नाही वापरायला.’ इतक्या डॉक्टरांना एवढीशीही सवड मिळत नसेल तर पेशंटच्या तब्येतीपेक्षा त्यांच्याच तब्येतीची काळजी वाटायला लागते. वकिलाचा कॅमेरा विकायला आलेला मी ऐकलेला नाही. मग आपण जाणकारासारखा चेहरा करून ‘शटर काउंट किती?’ असं विचारायचं. फाइव्ह डीचं शटर एक लाख क्लिकपर्यंत चालेल अशा हिशेबानं बनवलेलं आहे, डी ३००चं दीड लाखापर्यंत. याचा अर्थ लाखावं क्लिक झालं की कॅमेरा मान टाकतो असा नाही. सरकारी नोकरीतल्या निवृत्तीच्या वयासारखा तो आकडा आहे, पुढेही माणूस ठणठणीत असतो, फक्त कोणी हमी देत नाही.

माझा फाइव्ह डी डॉक्टरांचा नव्हे. तो वसईतल्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरचा. २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोघांनीही आरसा काढून टाकलेले फुल फ्रेम कॅमेरे बाजारात आणले, त्यानंतर यथावकाश त्यानंही आपली सगळी जमात बदलली आणि हा म्हातारा माझ्या गळ्यात घातला. डी ३०० आला एका पक्षीवेड्या मित्राकडून. त्याला परदेशी नोकरी लागली. तिथेही पक्षी आहेत म्हणाला, पण सामानाचं वजन ठरलेलं आहे. तो विरार लोकलनंच घरी आला. गर्दीच्या वेळी त्या गाडीत छातीशी बॅग धरून उभं राहिलेल्या माणसाकडे लोक फार सहानुभूतीनं बघतात. ‘काका, बॅग वर टाका.’ आत काय आहे हे सांगण्याची सोय नाही, कारण सांगितलं की भाईंदरपर्यंत आपण चार जणांना लेन्स समजावत असतो. न सांगितलं तर बॅग रॅकवर जाते आणि तिच्यावर कोणाचा तरी डबा बसतो.

तर फाइव्ह डी. हा कॅमेरा आला तेव्हा त्याची किंमत ३,२९९ डॉलर होती आणि तरीही जगभरच्या फोटोग्राफरांना तो स्वस्त वाटला. कारण फिल्मच्या जुन्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर तोवर फक्त विटेएवढ्या, सव्वाकिलोच्या कॅमेऱ्यांत मिळे. साध्या बेताच्या अंगाच्या कॅमेऱ्यात तो पहिल्यांदा या पठ्ठ्यानं आणला. सेन्सर मोठा म्हणजे नेमकं काय? पन्नास मिलिमीटरची लेन्स पन्नाससारखीच बघते. चेहऱ्यावर फोकस केला की मागची मांडवाची झालर, खुर्च्या, खुर्च्यांवरचे पाहुणे सगळं विरघळून जातं. अपुऱ्या उजेडात, चर्चच्या मेणबत्त्यांसमोरसुद्धा, त्वचा त्वचेसारखी दिसते. बाकी मात्र सगळा आनंद. सेकंदाला तीन फोटो. फोकसचे नऊ बिंदू, तेही मधोमध घोळका करून उभे. मागचा पडदा अडीच इंचाचा, उन्हात त्यावर आपलाच चेहरा दिसतो. अंगचा फ्लॅशही नाही. हा मी गुण समजतो, कारण लग्नात तोंडावर फ्लॅश उडवणारे अजून पाच जण असतातच.

आणि एक खोड. डोळा लावून जे दिसतं ते पूर्ण चित्राच्या ९६ टक्केच असतं. चार टक्के कडेकडेनं शिल्लक राहतं आणि ते फोटो संगणकावर उघडल्यावरच कळतं. लग्नात या चार टक्क्यांत हमखास कोणीतरी काका उभे असतात. नवरानवरीकडे बघून आपण अगदी मनासारखी चौकट बांधावी, आणि घरी येऊन बघावं तर उजव्या कडेला काकांचा अर्धा कान, एक हात आणि त्या हातात आइस्क्रीमची वाटी.

वसईतली ख्रिस्ती लग्नं म्हणजे नाताळ संपला की उपवासकाळ लागेपर्यंतची धांदल. जानेवारीत गावागावांतून ब्रास बँड वाजत असतात, एका वाडीतला सूर दुसऱ्या वाडीत जाऊन तिथल्या सुराशी भांडतो. शेजारधर्म म्हणून मीही जातो, आणि गळ्यात फाइव्ह डी असतो. पैसे घेऊन काम करणारे वेगळे असतात, ते व्यासपीठावर. मी बसतो म्हाताऱ्यांच्या ओळीत. लाल लुगडं नेसणाऱ्या सामवेदी आज्या आता लग्नात मोजक्याच दिसतात, आणि त्यांचा फोटो काढायचा तर पन्नासची लेन्स लावून पाच फुटांवर जाण्यावाचून गत्यंतर नाही. पाच फुटांवरून अनोळखी माणसाकडे नुसतं बघणं शिष्टाचाराला धरून नसतं. बोलावं लागतं.

‘थांब, चष्मा काढते,’ आजी म्हणाल्या.

चष्मा निघाला. पदर सारखा झाला. मग त्यांनी तोंड असं काही घट्ट मिटलं की पोलिस ठाण्यातल्या फोटोतही माणसं जास्त प्रसन्न दिसावीत. मी कॅमेरा खाली घेतला.

‘काढलास?’

‘नाही आजी. घाई नाही.’

‘तू कोणाचा रे?’

आपल्याकडे हा प्रश्न विचारला गेला की फोटो निघालाच म्हणून समजायचं. मी वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, मग आमची विहीर कुठे होती ते. आजींनी विहिरीवरचा रहाट आठवला, रहाटाचा बैल आठवला, त्या बैलानं कोणाला तरी ढकललं होतं ते आठवलं, आणि ज्याला ढकललं त्याचं नाव आठवून त्या अशा काही हसल्या की समोर कॅमेरा आहे हे त्या पार विसरल्या. एकच क्लिक. फाइव्ह डीचं शटर म्हणजे लाकडी पेटीचं झाकण पडावं असा आवाज, तो ऐकून त्या भानावर आल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, दात नव्हते घातले!’

त्या फोटोत कानातल्या सोन्याच्या बुगड्या धारदार आहेत, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या एकेक मोजता येतात, आणि कानामागे सगळा मांडव लाल-पिवळ्या धुक्यात गेलाय. बारा मेगापिक्सेलचा हा फोटो बारा बाय अठराच्या कागदावर छापला तर इंचाला सुमारे २४० ठिपके पडतात. भिंतीवर लावायला ते भरपूर झाले. गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ हे पुस्तक चाळताना मला नेहमी वाटतं, की उजेड आणि लेन्स यांच्याइतकाच त्या माणसाला गप्पांचा सोस असणार. समोरचा मोकळा झाल्याशिवाय चेहरा तसा येत नाही. फाइव्ह डी गळ्यात असला की मीही थोडा बोलका, लाघवी, नातेवाईकासारखा होतो. ‘जेवलात का?’ मी आपणहून विचारतो. बायकोच्या मते हा गुण मला घरी ठेवूनही चालेल.

डी ३०० घेतला की मी तोंडच उघडत नाही.

त्याचा सेन्सर लहान, फिल्मच्या चौकटीच्या दोन तृतीयांश रुंदीचा. लग्नात ही अडचण, पण समुद्रकिनाऱ्यावर चंगळ. कारण सेन्सर चित्राचा मधलाच भाग उचलतो, आणि ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० असल्यासारखी बघते. पाखरू तेवढंच लांब असतं, नुसतं चौकटीत मोठं दिसतं. मात्र तेवढ्यानं खिशातले पैसे आणि खांद्यावरचं वजन दोन्ही वाचतं. वाचतं म्हणजे तुलनेनं. ३०० एफ ४ची माझी लेन्स एकटीच सुमारे दीड किलोची आहे. तिच्यापुढे ते पंधरा ग्रॅम काय सांगायचे! वर फोकसचे ५१ बिंदू, सेकंदाला सहा फोटो, आणि डोळा लावून दिसतं ते शंभर टक्के. काकांना इथे शिरकाव नाही.

भुईगावच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला जायचं तर आधी पंचांग बघावं लागतं. कोकणातला जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. घड्याळाशी थोडं मागेपुढे होतं, पण चिखलपक्ष्यांनाही घड्याळ नसतं. त्यांचा सगळा संसार ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात. पाणी चढायला लागलं की ते ढकलले जात जात काठाकडे, म्हणजे आपल्याकडे येतात. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि उजेड सरळ पक्ष्यांच्या अंगावर. तेव्हा द्वादशी किंवा त्रयोदशी, हिवाळ्याची सकाळ, आणि सातच्या सुमाराला सुरूच्या बनातून खाली उतरायचं. आमच्या घरात एकादशी कोणाच्या लक्षात राहत नाही, पण दुसऱ्या दिवशीची द्वादशी मी विसरत नाही. यामुळे शेजारच्या काकू मला बरेच दिवस धार्मिक समजत होत्या.

खाली उतरलं की बसायचं. उभ्या माणसाला पक्षी ओळखतात आणि पाय लावून पळतात, बसलेल्याकडे संशयानं बघतात, आणि आडव्या झालेल्याला काही वेळानं ओंडका समजून सोडून देतात. म्हणून आडवं व्हायचं, ओल्या वाळूत, पोटावर. पुढे चिखल्यांचा थवा, थोडी पळापळ, थांबून एक टोच, परत पळापळ. शेकाट्या आपल्या गुलाबी काटकुळ्या पायांवर हिशेब तपासणाऱ्यासारखा फिरतो. कुरव वर कलकलाट करत असतात. हळूहळू पाणी चढतं, थवा वीस पावलं जवळ येतो, मग आणखी दहा. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. अगदी आता, आता बोट दाबायचं, एवढ्यात किनाऱ्यावरचं कुत्रं आनंदानं धावत येतं. त्याला माझ्याबद्दल काही आकस नसतो. त्याला पक्षी उडालेले बघायला आवडतात, एवढंच.

कवड्या धीवर हा या कॅमेऱ्याच्या जन्माचं सार्थक करणारा पक्षी. काळा-पांढरा, खाडीच्या तोंडाशी पाण्यावर येतो आणि हवेत एका जागी थांबतो. अक्षरशः थांबतो. पंख इतके जोरात हलत असतात की त्यांचा धूर दिसतो, पण डोकं खिळा ठोकल्यासारखं स्थिर, चोच सरळ खाली. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात शटर उघडमीट झालं तर पंखांची पिसंही सुटी दिसतात. मग तो दगडासारखा खाली पडतो. पडायला लागला की आपण किती तरबेज आहोत ते कळतं. सेकंदाला सहा फोटोंपैकी पहिला तो वर असतानाचा, दुसऱ्यात नुसती शेपटी, आणि उरलेले चार पाण्याचे. पाण्याचे माझ्याकडे फार सुंदर फोटो आहेत.

एकदा जाळं खांद्यावर टाकून जाणारे एक कोळी दादा थांबले.

‘काय गावलं?’

मी पडद्यावर चिखल्या दाखवला. त्यांनी वाकून नीट बघितला.

‘हा खातात?’

‘नाही. नुसता बघायचा.’

‘एवढी मोठी नळी घेऊन नुसता बघायचा,’ असं म्हणून ते निघून गेले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, हिशेब होता.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले. (म्हणजे डॉक्टर आणि कॅमेरा हे नातं तेव्हापासूनचं, आणि या डॉक्टरांनी तो वापरलाही.) त्यांच्यापुढे माझ्यासारखा पेच नव्हता. त्या काळी ओल्या काचेवर फोटो निघायचा आणि समोर बसलेल्या माणसालाही काही सेकंद दगड व्हायला सांगावं लागे. उडता धीवर टिपायचा ही कल्पनाच वेडेपणाची. तेव्हा फोटो म्हणजे थांबलेली माणसं आणि थांबलेल्या इमारती. पेच नंतर आला, शटर भरभर चालायला लागल्यावर. थांबलेल्याकडे जायचं की पळणाऱ्याच्या मागे लागायचं, हे तेव्हापासून ज्याचं त्यानं ठरवायचं.

थांबलेल्या इमारतीसाठी वसईचा किल्ला आहेच. १५३४ साली ही जमीन पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, आणि आता तो रविवारी सकाळी लग्नाळू जोडप्यांच्या ताब्यात असतो. छप्पर उडालेल्या चर्चच्या कमानीत एक जोडपं पाठीला पाठ लावून उभं, पुढच्या कमानीत दुसरं पळत येतंय, तिसऱ्या ठिकाणी कोणी तरी धुराची नळकांडी पेटवतंय. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी, म्हणून बरेचजण हातानंच भागवतात आणि कोपरं बरगड्यांना टेकवून श्वास रोखून उभे राहतात. किल्ल्यात मी फाइव्ह डीच नेतो, कारण अंगणात उभं राहून भिंती, कमानी, वर आलेला पिंपळ सगळं एका चौकटीत मावायला रुंद लेन्स रुंदच राहायला हवी. १७ची लेन्स डी ३००वर पंचविशीला पोचते आणि अर्धा पिंपळ बाहेर राहतो.

पण फाइव्ह डीच्या सेन्सरला स्वतःची धूळ झटकता येत नाही. ती सोय डी ३००मध्ये आहे, तो चालू करताना एक सूक्ष्म शहारा आणून धूळ पाडतो. फाइव्ह डी जन्मानं अवधूत. अ‍ॅपर्चर सोळावर नेलं की निळ्या आकाशात करडे ठिपके उमटतात. किल्ल्याच्या एका फोटोवर मित्रांनी फार कौतुकानं चर्चा केली होती, की बुरुजावर घिरट्या घालणाऱ्या त्या घारींनी कसा भग्नतेचा भाव आणलाय. त्या तिन्ही घारी त्याच जागी माझ्या अर्नाळ्याच्या फोटोतही आहेत. मेहुणीकडच्या बारशाच्या फोटोतही, छताला.

या दोघांना आळीपाळीनं वापरण्यात आणखी एक गंमत आहे. समोरून बघितलं तर कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून बसवायची, निकॉनची उलट. झूमची कडीही उलट फिरते. चालू करण्याची कळ निकॉनला शटरच्या बटणाभोवती, कॅननला मागे खाली. लग्न आणि द्वादशी लागोपाठ आली की सोमवारी ऑफिसात माझ्या हाताला दाराची मूठ कुठल्या दिशेनं फिरते ते आठवत नाही.

जून लागला की मात्र दोघं समान पातळीवर येतात. खाऱ्या हवेत आणि पालघर जिल्ह्याच्या पावसात लेन्सला बुरशी चढायला वेळ लागत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू काचेच्या आतून पसरतात, आणि एकदा आले की पुसून जात नाहीत, लेन्स उघडावी लागते. मग हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर परतून पुन्हा निळ्या करायच्या. चार महिने मी ते डबे उघडतो, कॅमेऱ्यांची चार रिकामी क्लिकं करतो आणि परत बंद करतो. बायको हे सगळं बघून एकदाच म्हणाली होती, की लोणच्याच्या बरणीला मी कधी इतक्या प्रेमानं हात लावलेला तिला आठवत नाही.

अशात यंदा भाच्याला फोटोग्राफीचं वेड लागलं. वेड आधीपासूनच होतं, पण ते फोनवर भागत होतं. त्याच्या मित्राच्या फोनला दोनशे मेगापिक्सेल आहेत. तेव्हा बारावाल्या दोन म्हाताऱ्यांसमोर तो आला तो कुतूहलापेक्षा दयेनंच.

‘मामा, यातला एक मला देशील? कुठला घेऊ?’

मी त्याला पुष्कळ सांगितलं. सेन्सर सांगितला, ५१ बिंदू सांगितले, पाच फूट आणि पन्नास पावलं सांगितली. माणसं आवडत असतील तर हा, माणसांचा कंटाळा असेल तर तो. तो म्हणाला, ‘दोन्ही जरा वापरून बघतो.’ आणि त्याच आठवड्यात त्याच्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं, तिथे तो नेमका डी ३०० घेऊन गेला. दीड किलोच्या लेन्ससकट. मी अडवलं नाही, फक्त मनात म्हटलं, आता याला नवरीच्या नाकपुड्या मिळतील.

पोरगं चर्चमध्ये गायकवृंदाच्या माळ्यावर जाऊन बसलं आणि तिथून खाली टिपत राहिलं. नवरीचा एकही बरा फोटो नाही. पण शेवटच्या बाकावर प्रवचनात डुलकी घेणारे दोन गृहस्थ, एकमेकांच्या खांद्याला डोकं टेकवून. नवरीचा बाप, खांबाआड, कोणी बघत नाहीसं बघून डोळे पुसताना, आणि पुढच्याच क्षणी जेवणवाल्याला खुणेनं किती पानं ते सांगताना. करवलीनं बुटांतून काढलेले पाय. माझ्याच त्या लाल लुगड्यातल्या आजी तिथेही होत्या, दात घालून, शेजारणीच्या कानात काहीतरी फार महत्त्वाचं सांगत. मी पाच फुटांवरून तीन पिढ्यांची ओळख सांगून जे मिळवलं ते त्यानं कोणाशी एक शब्द न बोलता पन्नास पावलांवरून आणलं होतं. थोडं वेगळं होतं, कमी नव्हतं. मी म्हटलं, ‘उजेड बरा होता.’

पुढच्या द्वादशीला तो माझ्याबरोबर भुईगावला आला. डी ३०० आता माझ्याकडे, त्याच्या गळ्यात फाइव्ह डी आणि पन्नासची लेन्स. पन्नासच्या लेन्समधून चिखल्या म्हणजे एक तीळ. मी त्याला तसं सांगितलं आणि जाऊन वाळूत आडवा झालो. तो कुठे होता ते मला कळलंही नाही. कोळी दादांशी बोलण्याचा आवाज मधूनमधून येत होता, हसण्याचाही.

त्याचे फोटो बघायला ताई, मी आणि बायको असे तिघं बसलो. जाळं विणणाऱ्या हातांचे होते, ते चांगलेच होते. ‘एवढी मोठी नळी’वाल्या दादांचा चेहरा होता, मोकळा हसणारा. मला त्यांनी कधी असं हसून दाखवलं नव्हतं. आणि मग एक आला, ज्यात ओल्या वाळूत एक जाडा इसम पालथा पडला होता, टी-शर्ट वर सरकलेला, आणि एक कुत्रं त्याच्या तळपायाचा वास घेत होतं.

‘अगं बाई, हा कोण? पोलिसांना कळवलंत का?’ ताई म्हणाली. बायको काही बोलली नाही. तिनं तो फोटो स्वतःच्या फोनवर घेतला, त्याअर्थी तो आता सर्व नातेवाइकांत पोचला असणार.

मी विषय बदलायला म्हटलं, ‘सेन्सर साफ करायला झालाय. बघ, वर डाव्या कडेला डाग आलाय, पुसून टाकू,’ आणि फोटो मोठा केला. डागाला चोच होती. सरळ खाली. पंखांचा धूर. माझ्या पाठीमागे, माझ्या तळपायापासून पंधरा-वीस पावलांवर, कवड्या धीवर हवेत थांबला होता आणि मी तोंड भलतीकडे करून श्वास जपून घेत होतो.

‘मला तो दिसलाच नव्हता रे काढताना,’ भाचा म्हणाला.

‘नाहीच दिसणार. तिथे काका उभे राहतात,’ मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही, आणि समजावण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. त्याला एवढंच विचारलं, की मग ठरलं का, कुठला नेतोस?

‘दोन्ही राहू देत तुझ्याकडे,’ तो म्हणाला. ‘लागेल तेव्हा लागेल तो नेईन. तू फक्त बॅटऱ्या चार्ज करून ठेवत जा, मामा. आणि ती द्वादशी कधी ते आदल्या दिवशी सांग.’